पांढऱ्या पावडरीतून आरपार: पारदर्शक यॅग सिरॅमिक कसं करायचं

माझी यॅगची, म्हणजे लेसरसाठी वापरतात त्या यट्रियम-ॲल्युमिनियमच्या सिरॅमिकची, पहिली चकती भाजून हैदराबादहून परत आली, तेव्हा ती ताकाच्या निवळीसारखी गढूळ होती. खिडकीकडे धरली की उजेड यायचा, पण पलीकडचं बोट दिसायचं नाही. भट्टी निर्वाताची होती, तापमान १७५० अंश होतं, दहा तास ठेवली होती. दोन महिने मी भट्टीलाच दोष देत राहिले. मग डबीत उरलेली पावडर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिच्यात वाळूच्या खड्यांसारखे घट्ट गोळे होते. म्हणजे चकती भट्टीत बिघडलेली नव्हती, ती माझ्याच टेबलावर, अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा साका) धुताना आणि वाळवताना बिघडली होती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगते: आरपार दिसणं बीकरमध्ये ठरतं. भट्टी फक्त ते उघड करते. म्हणून पुढे भट्टीवर थोडंच लिहिलंय आणि धुण्या-वाळवण्यावर भरपूर.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. निर्वात भट्टी आमच्याकडे नाही. चारही बाजूंनी सारखा दाब देणारं यंत्र नाही. आहे ते एवढंच: १२०० अंशांपर्यंत जाणारी मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी), ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, सेंट्रिफ्यूज, मॅग्नेटिक स्टरर, आयआरच्या (अवरक्त किरणांच्या तपासणीच्या) केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) चकत्या करायचा हायड्रॉलिक प्रेस आणि काचेचा डिस्टिलेशन संच. मराठवाड्यातल्या बहुतेक पदव्युत्तर विभागांत एवढं असतं, आणि एवढ्यावर उत्तम पावडर होते. शेवटची भाजणी मोठ्या संस्थेत रीतसर अर्ज करून, वेळ घेऊन करायची. पावडर चांगली असेल तर तिथले लोक आनंदाने मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

आधी केबीआरची चकती

यॅगला हात लावण्याआधी आठवडाभर केबीआरच्या चकत्या दाबा. आयआरसाठी आपण त्या नेहमीच करतो, पण त्यांच्याकडे सिरॅमिक म्हणून कोणी बघत नाही. वाळवलेलं पोटॅशियम ब्रोमाइड १३ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) घालून आठ टन दाबलं की काचेसारखी चकती निघते. हे मीठ मऊ असतं, दाबाखाली कण एकमेकांत दबून जातात आणि मधली हवेची जागा संपते. तेच मीठ जुलैमधल्या दमट दिवशी न वाळवता दाबा, चकती पांढुरकी निघेल. खलबत्त्यात नीट न वाटता दाबा, ठिपके दिसतील. पुढे यॅगमध्ये ज्या चुका तुम्हाला तीन आठवड्यांनी कळणार आहेत, त्या इथे दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतात.

यॅग म्हणजे यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट. त्यात यट्रियमचे ३ अणू, ॲल्युमिनियमचे ५ आणि ऑक्सिजनचे १२. त्याची स्फटिकरचना घनाकृती आहे. म्हणजे प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी अपवर्तनांक तोच, साधारण १.८२. म्हणून एका कणातून शेजारच्या वेगळ्या दिशेच्या कणात जाताना प्रकाश वळत नाही. ॲल्युमिनाचं (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं) तसं नाही. त्याचा अपवर्तनांक दिशेनुसार थोडा बदलतो, म्हणून तो कितीही चांगला भाजला तरी सहसा दुधी राहतो. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे आठवतात का? त्यांच्या आतली बारीक नळी अशाच दुधी ॲल्युमिनाची असायची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात थोडं मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालून त्यातली छिद्रं बुजवली होती, म्हणून त्यातून उजेड जाऊ लागला. दिव्याला उजेड बाहेर पडला की पुरे. लेसरला ते पुरत नाही, त्याला खरंच आरपार लागतं. १९९५ मध्ये जपानमध्ये अकिओ इकेसुए यांनी निओडिमियम घातलेल्या यॅग सिरॅमिकमधून चांगला लेसर मिळवून दाखवला, आणि एकसंध स्फटिक न वाढवताही हे जमतं यावर लोकांचा विश्वास बसला.

यॅगमध्ये शत्रू तीन: छिद्रं, परका पदार्थ आणि खडबडीत पृष्ठभाग. पृष्ठभाग घासून सुधारतो. बाकीचे दोन कायमचे आत बसतात. छिद्रातल्या पोकळीचा अपवर्तनांक १ आणि भोवतीच्या यॅगचा १.८२, त्यामुळे प्रत्येक छिद्र प्रकाश उधळतं. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी छिद्रं सगळ्यात वाईट. आकारमानाच्या दहा हजारांत एक भाग छिद्रं राहिली तरी चकतीवर धुकं दिसतं. ९९ टक्के घनता ऐकायला छान वाटते, पण अशी चकती पांढरीच असते.

इकेसुए यांनी बाजारातले ऑक्साइड एकत्र दळून काम केलं होतं, ही गोष्ट मी लपवत नाही. तो मार्गही चालतो. पण त्याला अतिशुद्ध, अतिबारीक ऑक्साइड आणि चांगली दळणयंत्रं लागतात. आपल्याकडे बीकर आहेत आणि वेळ आहे. द्रावणात अणू आधीच मिसळलेले असतात, तो फायदा आपण का सोडायचा?

बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका

१० ग्रॅम यॅगसाठी हिशेब असा: यट्रियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट १९.३६ ग्रॅम आणि ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ३१.६० ग्रॅम. पण हे आकडे कागदावरचे. दोन्ही क्षार हवेतलं पाणी ओढतात. एकदा उघडलेल्या बाटलीत क्षाराच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू आहेत की साडेसहा, हे लेबल सांगत नाही. आणि यॅगला ३ ला ५ हे प्रमाण अगदी नेमकं लागतं. ॲल्युमिनियम जरा जास्त झालं की कणांच्या सीमांवर ॲल्युमिना साचतो. यट्रियम जास्त झालं की पेरोव्हस्काइट (त्याच धातूंचा वेगळा ऑक्साइड) तयार होतं. दोन्हींमुळे प्रकाश उधळतो.

माझ्या पहिल्या यट्रियमच्या बाटलीत लेबलापेक्षा जवळपास तीन टक्के यट्रियम कमी निघालं. तीन टक्के म्हणजे सगळा खेळच गेला.

म्हणून दोन्ही क्षारांची वेगवेगळी, साधारण अर्ध्या मोलरची द्रावणं करून ठेवा. प्रत्येकातून सुमारे १० ग्रॅम द्रावण आधीच भाजून स्थिर वजनाला आणलेल्या क्रुसिबलमध्ये घ्या. हळू वाळवा, मग ११०० अंशांवर तीन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि उरलेला ऑक्साइड तोला. प्रत्येक द्रावणाचे तीन नमुने. एक ग्रॅम द्रावणात किती मिलिग्रॅम ऑक्साइड आहे, तो आकडा बाटलीवर लिहा. १० ग्रॅम यॅगला ५.७०६ ग्रॅम यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) आणि ४.२९४ ग्रॅम ॲल्युमिना लागतो, त्यावरून किती द्रावण घ्यायचं ते काढा. आणि पिपेटने मोजू नका, तराजूवर तोला. आमच्या लॅबमध्ये जानेवारीत २० अंश असतात आणि मे महिन्यात ४०. आकारमान बदलतं, वजन बदलत नाही. नायट्रेट तापताना तांबूस विषारी वाफ निघते. फ्यूम हूडमध्येच करा, हूड चालत नसेल तर त्या दिवशी करू नका.

थेंब थेंब

आता मुख्य काम. एका बीकरमध्ये ५०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ५९ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट विरघळवा, म्हणजे साधारण दीड मोलर. दुसरीकडे यट्रियम आणि ॲल्युमिनियमची तोललेली द्रावणं एकत्र करून पाणी घालून ५६० मिली करा आणि त्यात साडेपाच ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा. सल्फेट कणांच्या अंगाला चिकटतं आणि त्यांना भाजताना एकमेकांत रुतू देत नाही. ते नंतर हजार अंशांच्या वर निघून जातं.

नेहमीच्या सवयीने आपण धातूच्या द्रावणात क्षारक ओततो. इथे उलटं करायचं: धातूचं द्रावण बायकार्बोनेटमध्ये सोडायचं. कारण ॲल्युमिनियम पीएच ४ च्या आसपासच खाली बसू लागतं, यट्रियमला त्याहून बराच जास्त पीएच लागतो. क्षारक हळूहळू ओतलं तर आधी सगळं ॲल्युमिनियम बसेल, मग यट्रियम, आणि मिसळलेले अणू पुन्हा वेगळे होतील. बायकार्बोनेटच्या बीकरमध्ये पीएच ८ च्या आसपास टिकतो. त्यात पडणाऱ्या प्रत्येक थेंबातले दोन्ही धातू त्याच क्षणी, तिथल्या तिथे बसतात. कॉस्टिक सोडा किंवा सोडियम कार्बोनेट वापरायचा मोह होईल, स्वस्त आहे म्हणून. वापरू नका. अमोनियम क्षार थोडे राहिले तर भट्टीत उडून जातात, सोडियम कितीही धुतलं तरी मागे राहतं.

वेग मिनिटाला तीन मिली. मी सुरुवातीला ब्युरेटची तोटी धरून बसायचे. तासाभरात तोटीत स्फटिक अडकायचे, वेग बदलायचा, हात अवघडायचा. आमच्या लॅबमधल्या मामांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे काय करताव? सलाईन लावा की." सरकारी दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं, २० थेंबांचा एक मिली. म्हणजे मिनिटाला तीन मिली म्हणजे ६० थेंब, सेकंदाला एक. घड्याळाकडे बघून चाक फिरवून एकदा जुळवलं की तीन तास तसंच चालतं. दर पंधरा मिनिटांनी थेंब मोजा, कारण बाटलीतली पातळी उतरली की वेग थोडा कमी होतो. सुई काढून टाका. नळीचं टोक बीकरच्या कडेला लागू देऊ नका, थेंब फिरत्या भोवऱ्यात पडला पाहिजे.

पहिला थेंब पडतो तिथे एक पांढरी शेपटी दिसते आणि भोवऱ्यात विरून जाते. दहा मिनिटांत पाणी धुरकट होतं. बारीक बुडबुडे येत राहतात, तो कार्बन डायऑक्साइड. दीड तासानंतर ते पातळ ताकासारखं दिसतं, आणि तिसऱ्या तासाला स्टररचा चुंबक अडखळायला लागतो. अशा वेळी वेग वाढवा, थांबू देऊ नका. एका जागी साचलं की तिथे गोळे होतात. सगळं पडल्यावर झाकण ठेवून रात्रभर हलकं ढवळत राहू द्या.

आता लातूरचा उन्हाळा. अमोनियम बायकार्बोनेट ३६ अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतं. आमच्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी त्याहून जास्त तापमान असतं. डबा उघडल्याबरोबर नाकात अमोनियाचा झटका आला, तर समजा त्यातला माल आधीच उडालाय. अशा बायकार्बोनेटने पीएच घसरतो आणि यट्रियमचा काही भाग द्रावणातच राहतो. मी मार्च ते जून हे काम पहाटे साडेपाचला सुरू करते, बीकर बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवते आणि थर्मामीटर आत सोडून २५ अंशांच्या खाली ठेवते. डबा फ्रीजमध्ये, घट्ट झाकण लावून. दर तासाला पीएच बघा. साडेसातच्या खाली उतरायला लागला तर थोडं बायकार्बोनेट वाढवा.

आणि धूळ. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, आणि उन्हाळ्यात ती माती खिडकीच्या फटींतून आत येते. पांढऱ्या पावडरीत ती दिसत नाही, पण भाजल्यावर चकतीला पिवळट झाक येते. खिडक्यांना ओलं कापड लावा, बीकर झाकून ठेवा, झाडू मारून झाल्यावर दोन तास काम सुरू करू नका.

धुणं

धुण्याला डिस्टिल्ड पाणीच. बोअरचं पाणी एकदाही लागता कामा नये, आमच्याकडे ते इतकं जड आहे की किटलीला दोन महिन्यांत पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

पण डिस्टिल्ड पाणी करायलाच पाणी लागतं. आमच्या काचेच्या संचात एक लिटर पाणी मिळवायला बारा-पंधरा लिटर पाणी कंडेन्सरमधून वाहून जायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या दिवसांत शहरात लोक एकेका घागरीसाठी रांगेत उभे होते, आणि तेव्हा कंडेन्सरचं पाणी मोरीत सोडणं मला जमलं नाही. संच बंद ठेवला. नंतर दोनशे लिटरचा पिंप आणला, त्यात कूलरची छोटी मोटर सोडली आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. पिंपाभोवती ओली गोणपाटं गुंडाळली की कोरड्या हवेत पाणी बऱ्यापैकी गार राहतं. आजही पाऊस चांगला झाला तरी आम्ही तसंच करतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही लॅबने कंडेन्सरचं पाणी वाहून घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

अवक्षेप गाळणकागदावर घेऊ नका. कागद खरवडताना तंतू येतात, ते भाजताना जळतात आणि त्यांच्या जागी लांबट पोकळी राहते. सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत वाटून घ्या, फिरवा, वरचं पाणी ओता, नवं पाणी घालून काचकांडीने तळाचा थर पूर्ण मोकळा होईपर्यंत हलवा, पुन्हा फिरवा. तळाचा थर तसाच ठेवून वर पाणी ओतलं तर धुणं झालंच नाही. चार ते पाच वेळा. वरचं पाणी थोडं परीक्षानळीत घेऊन आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, बुडबुडे थांबू द्या, मग बेरियम क्लोराइड टाका. आम्ल न टाकता तपासलं तर कार्बोनेटनेच पांढरं होईल आणि तुम्ही सल्फेट समजून धूत बसाल. नुसती धूसर झाक उरली की थांबा. चिकटलेलं सगळं सल्फेट निघत नाही, निघायलाही नको.

पाचव्या धुण्यानंतर कधीकधी वरचं पाणी निवळतच नाही, दुधाळ राहतं. क्षार गेल्यामुळे कण पाण्यात तरंगायला लागतात. ते ओतून दिलं तर तुमची सगळ्यात बारीक पावडर मोरीत जाते. त्यात चिमूटभर अमोनियम बायकार्बोनेट टाका, अर्ध्या तासात खाली बसतं.

यानंतरची पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती. पाण्यात ओला अवक्षेप तसाच ओव्हनमध्ये ठेवला. पाणी उडताना कणांना एकमेकांकडे ओढतं, आणि कणांच्या अंगावरचे हायड्रॉक्सिल गट जवळ येऊन जोडले जातात. माझ्या हाती सुकलेल्या डिंकासारखे, कडा चमकणारे खडे आले. ते मी खलबत्त्यात दोन तास कुटले आणि बारीक झाले असं मानलं. झाले नव्हते. ते फक्त लहान खडे झाले होते.

म्हणून पाण्यानंतर अवक्षेप अल्कोहोलने तीन वेळा धुवायचा. निव्वळ इथेनॉल उत्तम. त्याचा परवाना नसेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं, आम्ही तेच वापरतो. पृष्ठताण कमी असल्यामुळे ते उडताना कणांना तितकं ओढत नाही. मग उथळ काचपात्रात पसरून ६० अंशांवर रात्रभर, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. सकाळी चिमूट घेऊन दोन बोटांत चोळा. खडूच्या भुकटीसारखी विरघळत गेली तर जमलं. नखाखाली कचकच लागली तर ती पावडर पुढे नेऊ नका. मला माहीत आहे, चार दिवसांची मेहनत टाकवत नाही. तरीही नेऊ नका. परत आम्लात विरघळवून यट्रियम वाचवा, ते महाग आहे.

भाजणी, आणि वीज

मफलमध्ये मिनिटाला तीन अंश, ११५० अंशांपर्यंत, तिथे चार तास. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, शेवटी सल्फरचे ऑक्साइड बाहेर येतात, म्हणून खोलीत हवा खेळती हवी. याहून कमी तापमानावर थांबलात तर कण फार बारीक राहतात, दाबताना नीट रचले जात नाहीत. १३०० च्या पुढे गेलात तर कणांना माना फुटतात, म्हणजे ते जोडले जातात, आणि पुन्हा तेच घट्ट गोळे.

वीज मधेच गेली तर? दोनदा गेली आहे. ९०० अंशांच्या आत गेली असेल तर पुन्हा सुरुवातीपासून चढवा, नुकसान होत नाही. ११५० वर दोन तास झाल्यावर गेली असेल, तर ती पावडर वेगळ्या डबीत ठेवा, चांगल्या मालात मिसळू नका. आमच्या भागात रात्री दहानंतर वीज स्थिर असते, म्हणून मी भाजणी तेव्हाच लावते.

थोडी पावडर एक्स-रे विवर्तनासाठी विद्यापीठात पाठवा. तांब्याच्या एक्स-रे नळीवर यॅगची मुख्य रेघ ३३.३ अंशांच्या कोनाजवळ येते. ३४.२ जवळ दुसरी रेघ डोकावत असेल तर ते पेरोव्हस्काइट. तापमान कमी पडलंय किंवा यट्रियम जास्त झालंय. थोडी पावडर १२०० वर पुन्हा भाजून बघा. रेघ गेली तर तापमानाचा दोष, राहिली तर तुमच्या तोलण्याचा.

डबी पावसाळ्यात डेसिकेटरमध्येच ठेवा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात. दमट हवेत महिनाभर पडलेल्या या पावडरीचंही तसंच होतं, दाबलेली चकती कडेला चिरते. भाजल्यापासून पंधरा दिवसांत दाबा.

दळणं, दाबणं, पाठवणं

पावडर, अल्कोहोल आणि उच्च शुद्धतेचे ॲल्युमिनाचे गोळे घालून बारा तास सावकाश फिरवा. याच वेळी टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट (सिलिका देणारा द्रव) घालायचं, पावडरीच्या अर्धा टक्का. १० ग्रॅमला ५० मिलिग्रॅम, मायक्रोपिपेटने साधारण ५४ मायक्रोलिटर. त्यातून सुमारे ०.१४ टक्के सिलिका राहते आणि ती शेवटच्या भाजणीत छिद्रं बुजवायला मदत करते. जास्त घातली तर तीच धुकं बनते. या द्रवाची वाफ डोळ्यांना वाईट, चष्मा लावा. गोळे आधी आणि नंतर तोला, कारण जेवढे झिजतात तेवढा ॲल्युमिना तुमच्या पावडरीत जातो. झीज २० मिलिग्रॅमच्या वर गेली तर दळणं कमी करा. मग वाळवून २०० मेशच्या चाळणीतून काढा आणि ६०० अंशांवर चार तास ठेवा, म्हणजे अल्कोहोलचा अंश जळून जाईल.

२० मिलिमीटरच्या डायमध्ये दोन ग्रॅम पावडर, प्रेसवर एक टन. हा दाब सुमारे ३१ मेगापास्कल होतो आणि चकतीला नुसता आकार देण्यापुरता पुरतो. इथे जोर लावू नका, पापुद्रे सुटतात. खरा दाब २०० मेगापास्कलचा, चारही बाजूंनी द्रवातून, तो बाहेरच्या संस्थेत. चकती लेटेक्सच्या हातमोज्याच्या बोटात घालून हवा काढून गाठ मारा, आणि त्यावर दुसरं बोट. मी चकत्या कापसात गुंडाळून डब्यात घालून रात्रीच्या बसने नेत असे. एकदा त्या कापसाचा तंतू चकतीला चिकटून आत गेला. आता बटर पेपर वापरते.

निर्वात भट्टी टंगस्टनच्या तारांची असेल तर उत्तम. ग्रॅफाइटच्या भट्टीत कार्बन शिरून चकती काळपट होऊ शकते. १७५० अंश, दहा तास, आणि १५०० नंतर मिनिटाला दोन अंशांहून जास्त वेग नको. घाई केली तर कण छिद्रांना ओलांडून वाढतात आणि छिद्र कणाच्या पोटात अडकतं. कणसीमेवर असलेलं छिद्र बुजतं, पोटातलं बुजत नाही. निर्वात का, तर हवेत भाजलं की बंद झालेल्या छिद्रात नायट्रोजन कोंडतो आणि तो छिद्र मिटू देत नाही. २० ची चकती सुमारे १६ मिलिमीटरची होऊन येते. त्याहून कमी आटली असेल तर घासायचे कष्ट घेऊ नका.

निर्वातातून आलेल्या चकतीत ऑक्सिजन कमी पडलेला असतो, रंग करडा किंवा गुलाबीसर दिसतो. घाबरू नका. हवेत १४५० अंशांवर दहा तास ठेवली की रंग जातो. हेही तिथेच उरकून या, आपली मफल तिथवर जात नाही.

घासणं मात्र घरचं. सिलिकॉन कार्बाइडचे कागद, मग हिऱ्याची पेस्ट ६, ३ आणि १ मायक्रॉन. प्रत्येक पायरीनंतर चकती आणि हात दोन्ही धुवा, पुढच्या कापडावर मागचा एक कण आला तरी ओरखडा उठतो. दोन्ही बाजू समांतर राहिल्या पाहिजेत. दिशा दर मिनिटाला पाव वळसा बदला.

मग स्पेक्ट्रोफोटोमीटर. १०० टक्के कधीच दिसणार नाही, कारण दोन्ही पृष्ठभागांवर परावर्तन होतं, आणि यॅगची कमाल मर्यादा ८४ टक्के आहे. १०६४ नॅनोमीटरवर ८० च्या वर मिळालं तर आनंद करा. आलेख लांब तरंगलांबीला वर आणि निळ्या बाजूला खाली झुकत असेल, तर आत बारीक छिद्रं आहेत. सगळीकडे सारखाच खाली असेल तर मोठी छिद्रं, परका पदार्थ किंवा अपुरं घासणं. एखादाच पांढरा ठिपका दिसत असेल तर तो गोळा आहे, चाळणी आणि अल्कोहोलचं धुणं तपासा. पिवळट झाक असेल तर खिडकी तपासा.

माझी चौथी खेप ७६ टक्क्यांवर आली. पहिल्या तिन्ही खेपांच्या चकत्या मी त्याच डबीत ठेवल्या आहेत, प्रत्येकीच्या कागदावर धुण्याची संख्या, त्या दिवशीचं लॅबचं तापमान आणि बायकार्बोनेटच्या डब्याची तारीख लिहिलेली. नवीन विद्यार्थी आला की त्या चार चकत्या आधी त्याच्या हातात देते, मग सलाईनचा सेट.